परदेशातील दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी आरोग्य-उपक्रम कसा उभारावा : पहिल्या गप्पांपासून वर्षअखेरच्या मोजमापापर्यंत

परदेशातील दवाखान्यात 'साखर थोडी वाढली आहे' असे सांगून हातात जे आहारपत्रक दिले जाते, त्यात बहुधा पावाचे दोन तुकडे, उकडलेला बटाटा आणि भाजलेला मासा असतो. पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरणारी, दुपारी सासूबाईंसाठी वेगळे पथ्याचे आणि संध्याकाळी मुलांसाठी वेगळे करणारी, आणि उरलेल्या दोन पोळ्या रात्री साडेनऊला उभ्याउभ्या खाणारी बाई त्या पत्रकाचे काय करणार? काही संस्था त्याच पत्रकाचे मराठी, गुजराती, पंजाबी किंवा बंगाली भाषांतर करतात, वर साडी नेसलेल्या बाईचे चित्र छापतात आणि संस्कृतीला अनुरूप कार्यक्रम झाला असे समजतात. तेवढ्याने काम होत नाही. स्त्रीच्या दिवसात, तिच्या स्वयंपाकघरात आणि घरातल्या निर्णयांत जो उपक्रम बसतो, तोच टिकतो. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या एका गोष्टीशी बांधलेली आहे.

हा लेख मराठी मंडळात, मंदिरात, गुरुद्वारात, मशिदीत किंवा एखाद्या स्थानिक संस्थेत असा उपक्रम सुरू करू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. तो वैद्यकीय सल्ल्याची जागा घेत नाही. कोणाचे औषध बदलायचे असेल तर ते डॉक्टरांनीच बदलावे.

गरज का आहे, हे आधी नीट समजून घ्या

भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ येथून स्थलांतरित झालेल्या लोकांमध्ये टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार इतर अनेक गटांपेक्षा लवकर आणि कमी वजनावर दिसतात. अमेरिकेतील २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर आणि शिकागो येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या 'मसाला' या अभ्यासात सुरुवातीला ९०६ दक्षिण आशियाई स्त्री-पुरुष सहभागी झाले, आणि तेव्हापासून हा प्रश्न अमेरिकेत आकड्यांनिशी मांडला जाऊ लागला. पोटाच्या आत आणि यकृतात साठणारी चरबी व तुलनेने कमी स्नायू, ही या शरीराची ठेवण बाहेरून दिसत नाही. म्हणूनच 'मी कुठे जाड आहे?' हा प्रश्न या उपक्रमात पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल, आणि त्याचे उत्तर तयार असले पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईचे बाळंतपण सुखरूप झाले की घरातले सगळे तो विषय विसरतात, तीही विसरते. प्रत्यक्षात तिला पुढील आयुष्यात मधुमेह होण्याची शक्यता बरीच वाढलेली असते. अमेरिकेतील शिफारशीनुसार बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज घेऊन तपासणी आणि त्यानंतर दर १ ते ३ वर्षांनी तपासणी व्हावी. ब्रिटनमध्ये ६ ते १३ आठवड्यांत उपाशीपोटी साखर तपासायला आणि नंतर दरवर्षी तपासणी करायला सांगतात. नावनोंदणीच्या अर्जावर 'गरोदरपणात साखर वाढली होती का?' हा प्रश्न हवाच. या एकाच प्रश्नाने, एरवी ज्या कधी तपासणीला गेल्याच नसत्या अशा स्त्रिया सापडतात.

पहिली पायरी : पत्रक छापण्याआधी ऐकणे

सहा ते आठ जणींचे दोन-तीन गट बोलवा आणि पहिल्या बैठकीत आरोग्यावर भाषण देऊ नका. प्रत्येकीला एक कोरा कागद द्या आणि कालच्या दिवसाचे घड्याळ काढायला सांगा: किती वाजता उठलात, कोणासाठी काय केलेत, स्वतः कधी आणि काय खाल्लेत, बसलात कधी, घराबाहेर पडलात का. अर्ध्या तासात जे हाती लागते ते कोणत्याही छापील प्रश्नावलीत सापडत नाही. एकीचा दिवस दुकानाच्या गल्ल्यावर बारा तास उभे राहण्यात जातो. दुसरी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली असते, तिला स्वतःला नोकरीची परवानगी नसते, गाडी चालवता येत नाही, आणि ज्या उपनगरात ती राहते तिथे पायी जाण्यासारखे काहीच नसते. तिसरी सत्तरीची, मुलाकडे नातवंडे सांभाळायला आलेली, इंग्रजी न येणारी. या तिघी एकाच 'समाजा'त मोडत असल्या तरी त्यांना एकच वेळापत्रक देऊन चालणार नाही.

याच बैठकांत भाषाही गोळा होते. 'डिप्रेशन' हा शब्द न वापरणारी बाई 'मन लागत नाही', 'जीव घाबरा होतो', 'अंग नुसते दुखत असते' असे सांगते. 'व्यायाम करता का?' या प्रश्नाला 'घरकामातच होतो की सगळा' हे उत्तर येते, आणि ते उडवून लावू नये. घरकाम ही हालचाल आहेच. मात्र तिचा वेग बहुतेक वेळा श्वास वाढवण्याइतका नसतो, आणि ती एकाच खांद्यावर, एकाच कमरेवर पडत राहते, हे समजावून सांगता येते. 'स्वतःसाठी वेळ काढा' हा सल्ला या स्त्रियांच्या कानावर अपराधासारखा पडतो. 'तुम्ही अंथरूण धरले तर घर कोण बघेल?' असे विचारले की बाई कान देऊन ऐकते, कारण ज्या जबाबदारीमुळे ती स्वतःकडे दुर्लक्ष करते, तीच जबाबदारी आता तिला चालायला बाहेर काढते. हे थोडे खटकणारे आहे, कारण स्त्रीने स्वतःसाठी निरोगी असावे एवढे कारण पुरेसे असायला हवे. तरीही सुरुवात जिथून होते तिथून करावी.

दुसरी पायरी : सखी कोण असेल ते ठरवणे

उपक्रमाचा कणा म्हणजे त्या भागातील, त्या भाषेतील, प्रशिक्षण घेतलेली कार्यकर्ती. तिला आरोग्यसखी म्हणा, ताई म्हणा. न्यूयॉर्कमधील बांगलादेशी रहिवाशांसाठी चाललेल्या 'ड्रीम' प्रकल्पात अशाच समाजातील आरोग्यसेवकांनी मधुमेह असलेल्यांना साखर आटोक्यात आणायला मदत केली. सखी निवडताना पदवीपेक्षा दोन गुण पाहावेत: लोक तिच्याकडे आपणहून सल्ल्याला जातात का, आणि ऐकलेली गोष्ट तिच्या पोटात राहते का. परदेशातील आपला समाज लहान असतो. रविवारी मंडळात भेटणारी बाई सोमवारी आपले वजन कोणाला सांगेल, ही भीती अगदी खरी आहे. म्हणून नोंदींवर नावाऐवजी क्रमांक लिहावा, वही कुलपात ठेवावी, आणि व्हॉट्सॲपच्या गटात कोणाचेही मोजमाप कधीही टाकू नये, कौतुक म्हणूनसुद्धा नाही.

सखीला मानधन द्या. आपल्याकडे बायकांचे काम 'सेवा' म्हणून फुकट घेण्याची सवय आहे आणि तीच सवय आरोग्याच्या उपक्रमात चालू ठेवणे मला पटत नाही. निधी कमी असेल तर बैठका कमी करा. सखीबरोबर एक नोंदणीकृत आहारतज्ज्ञ आणि एक डॉक्टर किंवा परिचारिका जोडलेली हवी, आणि कोणते प्रश्न सखीने स्वतः सोडवायचे व कोणते पुढे पाठवायचे, हे लेखी ठरलेले हवे.

तिसरी पायरी : मोजमाप, आणि त्यानंतरचा रस्ता

सर्वसाधारण तक्त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २५ च्या खाली असला की 'सामान्य' म्हणतात. आशियाई लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये २३ आणि २७.५ हे उपाययोजना सुरू करण्याचे टप्पे सुचवले, आणि अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहासाठी तपासणी २३ पासून करण्याची शिफारस केली. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात. त्याहून लक्षात ठेवायला सोपे असे एक माप आहे: कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. एक दोरी उंचीएवढी कापा, दुमडा आणि कमरेला लावून पाहा. दोन टोके जुळली नाहीत तर लक्ष द्यायला हवे. आकड्यांची धास्ती घेणाऱ्या बायकासुद्धा दोरीला घाबरत नाहीत.

घेर घेताना सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावावी. साडीच्या निऱ्यांवरून किंवा जाड स्वेटरवरून घेतलेले माप निरुपयोगी असते, म्हणून पडद्याआड, स्त्री कार्यकर्तीनेच माप घ्यावे. रक्तदाब पाच मिनिटे शांत बसवून, दोनदा घ्यावा. साखरेसाठी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी) ही तपासणी सोयीची, कारण उपाशीपोटी यावे लागत नाही, अमेरिकेत ५.७ ते ६.४ टक्के आणि ब्रिटनमध्ये ६.० ते ६.४ टक्के या पट्ट्याला मधुमेहाच्या उंबरठ्यावरची स्थिती मानतात. मात्र रक्तक्षय असलेल्या बाईत हा आकडा फसवा ठरू शकतो, आणि आपल्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय पुष्कळ आढळतो. त्यामुळे निकालाचा अर्थ डॉक्टरांनी लावावा. शाकाहारी स्त्रियांनी बी१२ आणि सर्वांनीच ड जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांना विचारावे. ब्रिटनमध्ये सावळ्या त्वचेच्या आणि अंग झाकून वावरणाऱ्या लोकांना ड जीवनसत्त्व रोज १० मायक्रोग्रॅम, वर्षभर घेण्याचा विचार करायला सांगतात.

मोजमापाच्या आधीच ठरवा की आकडा वाईट आला तर काय करायचे. रक्तदाब १८०/१२० किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी वैद्यकीय मदत. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलताना अडखळणे अशी लक्षणे असतील तर तत्काळ रुग्णवाहिका. ज्या बाईकडे विमा नाही तिला कोणत्या सामुदायिक दवाखान्यात पाठवायचे, तिथे दुभाषी मिळतो का, हे माहीत नसताना शिबिर घेणे म्हणजे तिच्या हातात भीती देऊन घरी पाठवणे होय. दुभाषी म्हणून दहा वर्षांच्या मुलाला उभे करू नये. त्याच्यासमोर आई अर्ध्या गोष्टी सांगणारच नाही.

चौथी पायरी : वेळापत्रक

अमेरिकेतील राष्ट्रीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचा साचा वर्षभराचा आहे: पहिल्या सहा महिन्यांत किमान १६ बैठका आणि पुढील सहा महिन्यांत किमान ६. ज्या मूळ संशोधनावर तो उभा आहे, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सात टक्के वजन कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल, ही दोन उद्दिष्टे दिलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. हा साचा घ्यावा, आत भरायचे ते आपले असावे. दोन-तीन शिबिरे घेऊन सवयी बदलत नाहीत.

वेळ शाळेत मुले सोडल्यानंतरची, सकाळी साडेनऊ ते अकराची, गृहिणींना सोयीची. नोकरी करणाऱ्यांना रविवारी सकाळी किंवा रात्री जेवणानंतर ऑनलाइन. लहान मुलांना सांभाळायला त्याच इमारतीत कोणीतरी हवे. हा खर्च अंदाजपत्रकात सर्वांत आधी लिहा, कारण त्यावाचून तरुण आया येणारच नाहीत. नवरात्र, दिवाळी, रमजान, वैशाखी, शाळांच्या सुट्ट्या आणि भारतात जाण्याचा हंगाम पाहून आठवडे मोजावेत. जूनमध्ये सुरू केलेला गट जुलैत निम्मा मायदेशी गेलेला असतो.

पाचवी पायरी : स्वयंपाकघर

इथे सर्वाधिक वेळ द्यावा. 'तेल कमी करा' असे सांगण्याऐवजी प्रत्येकीला तेलाचा कॅन कधी उघडला ती तारीख त्यावर लिहायला सांगा. चौघांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर दरडोई दिवसाला सुमारे ४० मिली तेल पोटात जाते, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी केवळ तेलातून. तोच कॅन दोन महिने पुरवायचा, एवढेच पहिल्या दोन महिन्यांचे काम द्यावे. कसे पुरवायचे हे बायकाच एकमेकींना सांगतात: फोडणीला पळीऐवजी मोजचमचा, भाजी झाकण ठेवून वाफेवर शिजवणे, झाकणात पाणी घालणे, वांगी-बटाटे आधी उकडून घेणे. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तळणाचे तेल घरातून हद्दपार करावे. साजूक तूप वरण-भातावर चमचाभर असू द्या. ते पूर्ण बंद करायला सांगितलेत तर बाई तुमचे बाकीचेही ऐकणार नाही.

ताट हे आपल्याकडे आधीपासूनच आखलेले आहे. डावीकडे कोशिंबीर आणि चटणी, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये पोळी-भात. बिघडले आहे ते प्रमाण. निम्मे ताट भाज्या व कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, दही, अंडी, मासे किंवा चिकन, आणि पाव ताट पोळी, भाकरी किंवा भात असे सांगितले की नवा शब्द शिकवावा लागत नाही. बटाटा आणि साबुदाणा भाजीच्या बाजूला मोजू नयेत. शाकाहारी घरात प्रथिने बहुधा कमी पडतात, कारण पातळ वरणाची एक वाटी म्हणजे डाळ थोडी आणि पाणी अधिक. मोड आलेली उसळ, घट्ट डाळ, पनीर, सोया, घरचे दही यांचा रोजचा हिशेब बसवावा. पंजाबी घरात राजमा-छोले, बंगाली घरात मासे आणि पाचमिसळ भाजी, तमिळ घरात सांबार, गुजराती घरात मुगाचे पदार्थ हे सगळे याच ताटात बसतात, आणि प्रत्येक गटाने आपले ताट स्वतः चितारावे.

काही समजुती नरमाईने बाजूला साराव्या लागतात. गुळाने साखर वाढत नाही, हे खरे नाही. मधाचेही तेच. ज्वारी-नाचणीची भाकरी चांगली, तिच्यात तंतू अधिक, पण ती मोजून न खाल्ल्यास रक्तातील साखर चढतेच. फळांचा रस हे फळ नव्हे. परदेशात मिळणाऱ्या गव्हाच्या पिठांपैकी काहींत कोंडा कमी असतो, म्हणून पिशवीवरील तंतूंचा आकडा वाचायला शिकवावे. मिठासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. लोणचे, पापड, फरसाण, तयार मसाले आणि गोठवलेले पराठे ती सकाळीच ओलांडतात. ब्रिटनमध्ये १०० ग्रॅममागे १.५ ग्रॅमहून अधिक मीठ असलेल्या पदार्थावर पुष्कळदा लाल खूण असते, अमेरिकेत सोडियमपुढे २० टक्के किंवा अधिक लिहिलेले असेल तर ते जास्त समजावे. एक बैठक जवळच्या भारतीय किराणा दुकानातच घ्यावी, प्रत्येकीच्या हातात एकेक पाकीट देऊन.

चहा वेगळा विषय म्हणून घ्या. दिवसातून चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर आणि सोबत दोन बिस्किटे, ही बेरीज फळ्यावर करून दाखवा. साखर एकदम सोडायला न सांगता दर आठवड्याला पाव चमचा कमी केली तर जिभेला फारसे कळत नाही.

आणि उरलेले अन्न. 'टाकवत नाही' म्हणून मुलांच्या ताटातले संपवणे हे जवळजवळ प्रत्येक आईच्या दिवसाच्या घड्याळात सापडते. त्यावर उपदेश नको; मुलांना कमी वाढणे आणि उरलेले लगेच डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवणे, एवढा बदल पुरे.

सहावी पायरी : उपास, सण, बाळंतपण

उपास सोडा असे सांगणारा उपक्रम श्रद्धेच्या घरात शिरू शकणार नाही. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले वडे आणि गोड दाणे एवढेच खाल्ले जाते, यावर मात्र बोलता येते. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी बेताने, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, दुधी-भोपळा, ताक, दही, एखादे फळ, असा उपासाचा बेत बायका स्वतः तयार करतात. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणारीने निर्जळी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रमजानसाठी ही भेट महिना सुरू होण्याच्या ६ ते ८ आठवडे आधी व्हावी. रक्तातील साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास रोजा सोडावा, असे त्यासाठीचे मार्गदर्शन आहे. ही गोष्ट मौलवींच्या तोंडून सांगितली गेली तर तिचा परिणाम डॉक्टरांच्या शब्दाइतकाच, कधी त्याहून अधिक होतो.

मराठी मंडळांना माझी एक सूचना आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू होतेच. त्या वेळी प्लास्टिकच्या डब्यांऐवजी मोजचमच्यांचा संच वाण म्हणून द्यावा, आणि आतल्या खोलीत रक्तदाब तपासणीची सोय ठेवावी. निमंत्रण मात्र सर्व स्त्रियांना, विधवा आणि एकट्या राहणाऱ्यांनाही, स्पष्ट शब्दांत द्यावे. ज्यांना एरवी बोलावले जात नाही, त्यांनाच अशा तपासणीची गरज पुष्कळदा अधिक असते.

बाळंतपणासाठी मायदेशातून आलेली आई डिंकाचे, मेथीचे लाडू, तूप, खीर घेऊन उभी असते आणि काही महिन्यांनी परत जाते. तिला बैठकीला बोलवा. लाडू आकाराने निम्मा, दिवसाला एक, सोबत डाळ-पालेभाजी आणि बाळाला घेऊन रोजचे चालणे, हे तिने मनावर घेतले की मुलीला वेगळे काही सांगावे लागत नाही.

सातवी पायरी : हालचाल

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करावेत. मध्यम म्हणजे बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा श्वास. खोली फक्त स्त्रियांची असावी, खिडक्यांना पडदे असावेत, शिकवणारी स्त्री असावी, आणि सलवार-कमीज किंवा ओढणी घेऊन करता येतील असे प्रकार असावेत. चपला किंवा सपाट सँडल घालून चालायला येणाऱ्यांच्या टाचा महिन्याभरात दुखू लागतात, म्हणून बुटांसाठी निधीत तरतूद ठेवावी.

मंगळागौरीचे खेळ हा आपल्याकडचा तयार व्यायाम आहे: झिम्मा, पिंगा, फुगडी यांत दहा मिनिटांत घाम येतो आणि हसूही. गुडघे दुखणाऱ्या, गरोदर आणि चक्कर येणाऱ्या बायकांनी फुगडी टाळून टाळ्यांचे व पावलांचे प्रकार घ्यावेत. गरबा, गिद्धा, हिंदी चित्रपटगीतांवरचे नाच यांनाही हेच लागू. मात्र नाचावर थांबू नये. आपल्या शरीरात स्नायू कमी असल्यामुळे ताकदीचे व्यायाम टाळता येत नाहीत, आणि 'बायकांना वजने कशाला' हा संकोच इथेच मोडायचा असतो: खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीला हात लावून दंड, एक किलो डाळीच्या पिशव्या दोन्ही हातांत, रबरी पट्ट्या. बर्फाच्या महिन्यांत मॉलच्या आत किंवा जिन्यावर चालावे. एकटीने बाहेर पडायला बिचकणाऱ्यांसाठी दोघींची जोडी लावून द्यावी. एकीचा फोन आला की दुसरी निघतेच.

आठवी पायरी : घरातील माणसे आणि मन

स्कॉटलंडमधील 'पोडोसा' या चाचणीत भारतीय व पाकिस्तानी वंशाच्या १७१ जणांना कुटुंबासह सामील केले गेले. आहारतज्ज्ञ तीन वर्षांत १५ वेळा घरी गेले, तर तुलनेच्या गटात ४ वेळा. वजनातील फरक सुमारे १.६ किलोचा पडला. आकडा लहान वाटतो, पण तीन वर्षे टिकवलेला आहे, आणि यातली घेण्यासारखी गोष्ट अशी की मोजमाप एकाचे असले तरी बोलणे सगळ्या घराशी झाले. म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एक बैठक नवरा, सासू, मोठी मुले यांच्यासह घ्यावी. 'डायट' हा शब्द काढला की सुनेसाठी वेगळा स्वयंपाक असे चित्र उभे राहते; सगळ्यांसाठी एकच पातेले, एवढे मान्य झाले तरी ती बैठक सत्कारणी लागली.

झोप, एकटेपणा आणि ताण यांना पूर्ण दोन बैठका द्या. घरात कोणी धमकावते का, पैसे किंवा पासपोर्ट काढून घेतले आहेत का, हे कधीही गटात विचारू नये. खासगीत, सुरक्षित वेळी, आणि मदत करणाऱ्या संस्थांचे क्रमांक तयार ठेवूनच विचारावे. तो कागद तिच्या पर्समध्ये सापडला तर तिलाच त्रास होईल, हे लक्षात ठेवून क्रमांक दुसऱ्या नावाने लिहून द्यावा.

वर्षअखेर : काय मोजायचे

इथे प्रामाणिक राहावे लागेल. शिकागोमध्ये 'सहेली' नावाची चाचणी झाली. दक्षिण आशियाई समाजासाठी नीट विचार करून घडवलेल्या त्या उपक्रमात ५४९ स्त्री-पुरुष होते, आणि वर्षाअखेर वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल या मोजमापांत छापील माहिती दिलेल्या गटाच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. आहार आणि हालचालींच्या सवयींत मात्र सुधारणा दिसली. मला यातून असे वाटते की भाषा आणि पदार्थ जुळवणे ही सुरुवात आहे, आणि ज्यांचे आकडे फार चढलेले आहेत त्यांना औषधोपचाराशी जोडून देणे हे उपक्रमाचेच काम मानले पाहिजे. दुसरीकडे, चेन्नईत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध संशोधनात जीवनशैली बदललेल्या गटात वजन फारसे न उतरताही मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणून वजनकाटा हीच एकमेव कसोटी ठेवू नये.

तीन, सहा आणि बारा महिन्यांनी कंबर, रक्तदाब आणि एचबीए१सी पुन्हा घ्यावेत. त्यांच्या जोडीला साधे प्रश्न विचारावेत: तेलाचा कॅन किती दिवस पुरला, खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता आले, आठवड्यात किती दिवस सगळ्यांबरोबर बसून जेवलात, बाळंतपणानंतरची तपासणी राहिली होती ती झाली का. किती जणी मध्येच थांबल्या आणि का, हे फोन करून विचारावे. त्या कारणांची यादी पुढच्या गटाचे वेळापत्रक ठरवायला हजर राहिलेल्यांच्या कौतुकापेक्षा अधिक उपयोगी पडते. शेवटच्या बैठकीत पहिल्या दिवशी काढलेले दिवसाचे घड्याळ प्रत्येकीला परत द्यावे, शेजारी नवा कोरा कागद ठेवावा आणि कालचा दिवस पुन्हा काढायला सांगावा. नव्या कागदांवर ज्यांच्या स्वतःच्या जेवणाची आणि चालण्याची वेळ दिसते, त्यांतील दोघींना विचारून पुढच्या गटाच्या सख्या म्हणून प्रशिक्षणासाठी नोंदवून घ्यावे.